दोन चिप, एक स्क्रीन

२०११ साली घेतलेल्या माझ्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सच्या दोन चिप आहेत. एक प्रोसेसरमध्येच, वीज वाचवणारी. दुसरी वेगळी, ताकदीची. विंडोज १० टाकलं आणि एका संध्याकाळी स्क्रीन काळीठिक्कर पडली. त्यानंतरचे तीन रविवार ती पुन्हा सुरू करण्यातच गेले. त्यातून शिकलो ते असं.

१. स्क्रीन काळी झाली म्हणून लॅपटॉप गेला असं धरू नका. दुरुस्तीवाल्याने फोनवरच मदरबोर्ड बदलायला सांगितलं होतं. मी खोलीतला दिवा मालवला आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला, तर डेस्कटॉपवरची चिन्हं पुसट दिसली. चित्र येत होतं, मागचा उजेड तेवढा बंद होता. जुना मॉनिटर व्हीजीए केबलने जोडला आणि पुढचं सगळं त्यावर केलं.

२. दोन चिपचं नातं आधी समजून घ्या. अशा बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्क्रीन प्रोसेसरमधल्या चिपलाच जोडलेली असते. वेगळी चिप चित्र तयार करून तिच्या हवाली करते, ती ते स्क्रीनवर दाखवते. त्यामुळे पहिलीचा ड्रायव्हर बिघडला, तर दुसरीचा कितीही नवा टाकून भागत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ४३ वेगळ्या चिपवर दिसत होता, म्हणून पहिले दोन रविवार मी तिच्याच मागे लागलो. दुखणं मात्र पहिलीत होतं.

३. सगळ्यात नवा ड्रायव्हर शोधू नका. लॅपटॉपच्या कंपनीने नेमक्या त्या मॉडेलसाठी दिलेला घ्या. दोन्ही चिपची जुळणी त्यात केलेली असते. माझ्या मॉडेलसाठी तो विंडोज ७ चाच होता. तोच विंडोज १० वर चालला.

४. जुन्यावर नवा चढवू नका. आधी इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज अपडेट स्वतःहून दुसराच ड्रायव्हर आणून बसवतं. सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या प्रोग्रामने दोन्ही चिपचे ड्रायव्हर साफ करा. मग क्रमाने चिपसेट, प्रोसेसरमधली चिप आणि शेवटी वेगळी चिप यांचे ड्रायव्हर टाका. प्रत्येकानंतर रीस्टार्ट. घाईत एक रीस्टार्ट गाळला, तर मला सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

५. काही मॉडेलच्या बायोसमध्येच चिप निवडायची सोय असते. असेल तर आधी तिथे बघा.

६. चाललेला ड्रायव्हर जपून ठेवा. जुन्या मॉडेलच्या फाइली कंपनीच्या साइटवर कायम राहतीलच असं नाही. माझ्या फाइली एका पेनड्राइव्हवर आहेत, त्यावर मॉडेल नंबरची पांढरी पट्टी चिकटवली आहे, आणि तो लॅपटॉपच्या बॅगेतच असतो.