बार्बाडोसला जाताना

प्रश्न : बार्बाडोस पाहायचं आहे. व्हिसा लागतो का? आठवडा पुरेल?
– एक वाचक, न्हावरे (ता. शिरूर)

उत्तर : पर्यटनासाठी भारतीयांना तिथला व्हिसा आधी काढावा लागत नाही. खरी मेख वाटेत आहे. लंडन किंवा अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागू शकतो; तिकीट काढण्याआधी तेवढं तपासाच. त्रिनिदादलाही थांबणार असाल तर पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्या, नाहीतर परतताना मुंबईत अडकाल.

बेट जेमतेम ४३० चौ. किमी, तुमच्या तालुक्याच्या निम्म्याहून लहान. आठवडा भरपूर झाला. टॅक्सी महाग, सरकारी निळ्या बसने फिरा. ऊस तुम्हाला काय नवा, तरी सेंट निकोलस अ‍ॅबीतला वाफेवरचा चरक बघा. आणि केन्सिंग्टन ओव्हल चुकवू नका : २९ जून २०२४ रोजी रोहितच्या संघाने टी-२० विश्वचषक तिथेच उचलला.