ओव्हरड्राइव्ह पेडल : निवड व उपयोग

गेल्या स्नेहसंमेलनांत आपल्या वाद्यवृंदाचें एक गाणें बिघडलें, तें पुष्कळांस आठवत असेल. गाणाऱ्या मुलीचा गळा गोड, उच्चार स्पष्ट. परंतु इलेक्ट्रिक गिटारच्या घरघरीत तिचा एकहि शब्द पालकांपर्यंत पोहोंचला नाहीं. वाजविणाऱ्या मुलास सर्वांनीं बोल लावला. खरें पाहतां दोष आमचा होता. त्याच्या पायाशीं असलेल्या ओव्हरड्राइव्ह पेडलच्या सर्व कळा शेवटपर्यंत फिरविण्यास आम्हींच सांगितलें होतें. म्हणून त्या यंत्राविषयीं आम्ही मागाहून जें शिकलों, तें येथें सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या शक्तीबाहेर काम दिलें, म्हणजे ध्वनीच्या विद्युत्-लहरींचे माथे छाटले जातात. मूळ स्वरांत नवे उपस्वर मिसळतात व आवाज जाड, किंचित् खरखरीत होऊन लांबतो. हाच परिणाम लहान आवाजांतहि मिळावा म्हणून हें पेडल निघालें. जपानच्या बॉस कंपनीचें ओडी-१ हें १९७७ सालचें. १९७९ च्या सुमारास आयबानेझचें ट्यूब स्क्रीमर आलें. टेक्ससचा वादक स्टीव्ही रे व्हॉन (१९५४–१९९०) याच्या वादनामुळें तें विशेष नांवारूपास आलें.

ट्यूब स्क्रीमरवर तीन कळा असतात. ड्राइव्ह म्हणजे माथे किती छाटावयाचे. टोन म्हणजे तीव्र उपस्वर किती ठेवावयाचे. लेव्हल म्हणजे बाहेर पडणारा आवाज किती. हें पेडल खर्ज कमी करून मधले स्वर पुढें आणतें. त्यामुळें ढोल व बेस यांच्या गर्दींतहि गिटार वेगळी ऐकूं येते. परंतु मनुष्याच्या वाणीचा मोठा भाग त्याच मधल्या पट्ट्यांत असतो. आमच्या गाण्याचें शब्द गिळले गेले, ते यामुळेंच.

आतां उपयोग पाहूं. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच फुटण्याच्या बेतांत असेल, तर ड्राइव्ह थोडा व लेव्हल अधिक ठेवावा. घरच्या लहान ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर मात्र पेडल चालू असतां व बंद असतां आवाज सारखाच राहील इतका लेव्हल ठेवून मग ड्राइव्ह हळूहळू वाढवावा.

एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवा. माथे छाटले जात असतां दोन स्वरांच्या आंदोलनसंख्यांच्या फरकाचा तिसरा स्वरहि उत्पन्न होतो. षड्ज २०० व पंचम ३०० असल्यास फरक १००, म्हणजे खालच्या सप्तकांतील षड्जच. तो सुरेल लागतो. गांधाराचें तसें नाहीं. गिटारच्या पडद्यांवरील गांधार शुद्ध ४:५ या प्रमाणाहून किंचित् चढा असल्यामुळें फरकाचा स्वर बेसूर होतो. म्हणून ड्राइव्ह अधिक असतां षड्ज-पंचमाचीच जोडी वाजवावी. पूर्ण कॉर्डसाठीं तो कमी करावा.

पालकांनीं पेडल घेतांना मुलाची स्वतःची गिटार दुकानांत न्यावी आणि घरच्यासारख्याच अ‍ॅम्प्लिफायरवर तें ऐकावें. दोन पेडलांची तुलना करतांना दोहोंचा आवाज सारखा करावा. नाहीं तर मोठें तेंच चांगलें वाटतें. मग गिटारवरील आवाजाची कळ कमी करून तार हलकेच छेडावी. खरखर जाऊन स्वर निवळला, तर पेडल हाताचें ऐकणारें आहे असें समजावें. बहुतेक पेडलांस ९ व्होल्ट लागतात. तरी अडॅप्टर घेण्यापूर्वीं पेडलवर लिहिलेलें व्होल्टेज व धन-ऋण टोकांची खूण अवश्य पाहावी. वादन संपतांच गिटारची केबल पेडलमधून काढावी; ती तशीच राहिल्यास आंतील बॅटरी उतरते.

परंतु खरेदीची घाई करूं नये. हें यंत्र हलका व जोराचा आघात यांतील भेद पुसट करतें, आणि भलत्या तारेस लागलेलें बोट मात्र मोठ्यानें ऐकवितें. ज्याचा हात पेडलवांचून स्वच्छ वाजत नाहीं, त्याचा तें घेतल्यानें वाजणार नाहीं.

तेंच गाणें नुकतेंच पुन्हां बसविलें. त्याच मुलानें ड्राइव्ह पावभर ठेवला, आणि मुलगी गाऊं लागतांच गिटारची कळ स्वतःहून मागें घेतली. आम्ही मुद्दाम शेवटच्या बांकावर बसलों होतों. गाण्याचा प्रत्येक शब्द आमच्यापर्यंत पोहोंचला.