ऐन की अर्जुन? बी गोळा करण्यापूर्वी झाड ओळखा

ऐन आणि अर्जुन ही टर्मिनॅलिया या एकाच प्रजातीतली झाडे. नागपूर जिल्ह्यात रामटेक, देवलापार, उमरेड या भागांतल्या जंगलात ऐन सागाच्या सोबतीने वाढतो. अर्जुन कन्हान, पेंच यांसारख्या नद्यांच्या आणि बारमाही ओल असलेल्या नाल्यांच्या काठी दिसतो. दोघांची फळे फेब्रुवारी ते मे या काळात पिकतात. बी गोळा करण्याचा हाच हंगाम, आणि नेमकी चूकही इथेच होते. पूर्व विदर्भात ऐनाला येन म्हणतात, तर ‘सादडा’ हे नाव कुठे एकाला, कुठे दुसऱ्याला लावले जाते. त्यामुळे नुसत्या नावावर बी विकत घेऊ नये.

सर्वांत भरवशाची खूण सालीची. जुन्या ऐनाची साल काळपट, जाड असते आणि उभ्याआडव्या खोल भेगांनी तिचे मगरीच्या पाठीसारखे चौकोन पडतात. अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट राखाडी. तिचे पातळ पापुद्रे गळतात आणि खाली गुलाबीसर, हिरवट छटा दिसते. उन्हाळ्यात झाड दुरूनही ओळखता येते: एप्रिल-मेमध्ये ऐन बहुधा निष्पर्ण असतो, अर्जुनावर मात्र नवी पालवी आलेली असते.

रोप किंवा कोवळे झाड असेल तर सालीचा उपयोग नाही. पान उलटून पाहावे. ऐनाच्या पानामागे, मधल्या शिरेवर बुडापासून किंचित वर, बारीक देठाच्या दोन ग्रंथी असतात. अर्जुनाच्या ग्रंथी पान आणि देठ जुळतात तिथे असतात. ऐनाच्या कोवळ्या पानाला खालून लव असते, अर्जुनाचे पान बहुतेक गुळगुळीत. दोन्ही झाडांच्या फळाला पाच पंख असतात, पण पंखावरच्या रेषा वेगळ्या. ऐनाच्या रेषा मध्यापासून कडेपर्यंत सरळ आडव्या जातात, अर्जुनाच्या वळून वर चढतात. वाळलेले फळ उन्हाकडे धरले की हा फरक स्पष्ट दिसतो.

बी त्याच वर्षीचे, किडीने न पोखरलेले घ्यावे आणि दोन-तीन दिवस साध्या पाण्यात भिजवावे; पाणी रोज बदलावे. ऐनाचे सोटमूळ लवकर खोल जाते, त्यामुळे उपटून लावलेले रोप सहसा तग धरत नाही. पावसाच्या तोंडावर जागेवरच बी टोकणे किंवा लांब पिशवीत रोप वाढवणे बरे. भारी जमीन ऐनाला मानवते. अर्जुन नाल्याकाठी, शेततळ्याच्या कडेला लावावा. त्याची मुळे काठाची माती धरून ठेवतात. कोरड्या मुरमाड टेकाडावर अर्जुन लावून पाणी घालत बसण्यापेक्षा तिथे दुसरे झाड निवडावे.

टसर रेशमाच्या अळीला दोन्हींचा पाला चालतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांतला कोसा याच दोन झाडांवर उभा आहे; राज्याचे रेशीम संचालनालयही नागपुरातच आहे. कोशासाठी लागवड करायची तर झाडे जवळजवळ लावून छाटणीने बुटकी ठेवतात. पानांवर फोडांसारख्या गाठी दिसू लागल्या तर तो रस शोषणाऱ्या किडीचा प्रादुर्भाव असतो. गाठी धरलेली पाने सुरुवातीलाच तोडून जाळावीत. अळ्या सोडलेल्या किंवा लवकरच सोडायच्या झाडावर कीटकनाशक मारू नये, टसरची अळीही त्याने मरते.

अर्जुनाच्या सालीला औषधासाठी मागणी असते, आणि त्यापायी अनेक झाडे भोवताली सोलून मारली जातात. साल घ्यायचीच तर मोठ्या झाडाची, एकाच बाजूने, उभ्या अरुंद पट्टीत घ्यावी. आतला ओला थर खरवडू नये. जखम भरून साल पूर्ववत होईपर्यंत त्या झाडाला पुन्हा हात लावू नये. ऐनाच्या सालीलाही उगाच घाव घालू नये. काही ऐनांच्या खोडात उन्हाळ्यात पाणी साठते. 2024 मध्ये आंध्र प्रदेशातील पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वन कर्मचाऱ्यांनी साल छेदताच पाण्याची धार लागल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. कुतूहलापोटी बांधावरच्या ऐनाला असे घाव घालणे म्हणजे खोडात कीड आणि बुरशी शिरायला वाट करून देणे.

स्वतःच्या शेतातला ऐनही परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत त्याचे नाव आहे, तेव्हा कुऱ्हाड लावण्याआधी वन विभागाकडे रीतसर अर्ज करावा.