पास ताईकडे आहे

मनू, इंटर्नशिप संपली की गावातच दवाखाना टाकायचा विचार आहे म्हणालीस, तेव्हापासून तुझ्याशी निवांत बोलायचं मनात आहे. 2020 मध्ये कोरोनामुळे लॉकडाऊन लागला तेव्हा तुझे बारावीचे पेपर नुकतेच संपले होते. मी पुण्यात, तू आईबाबांजवळ. फोनवर मी ‘बरी आहे गं’ एवढंच म्हणायची, कारण आई शेजारी बसून ऐकत असायची. आता तूही डॉक्टर होतेयस, तर सगळं सांगते. साथ पुन्हा कधीतरी येणारच. ऑक्सिजन कसा लावायचा ते तुला शिकवलंय, पण दिवसभर दवाखाना करून आल्यावर दळण कोण आणणार हे कुणी शिकवत नाही.

पाडव्याच्या आदल्या रात्री घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून सगळं थांबलं. कामाच्या मावशी बंद, डबेवाल्या काकू बंद, गिरणी उघडी असेल याचा भरवसा नाही. एप्रिलमध्ये मधल्या पेठा सील झाल्या, गल्लीच्या तोंडाशी बांबू आणि पत्रे. अशात बाहेर पडायचा पास आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या एकटीकडेच. मग काय, ‘पास ताईकडे आहे’ म्हणत एकेक चिठ्ठी यायला लागली. कुणाच्या प्रेशरच्या गोळ्या, कुणाच्या बाळाची दूध पावडर, कुणाला कोथिंबीर. नाही म्हणायला जीव होत नाही अशा वेळी. तरी तुला सांगते, औषधं आणून द्यायची, तो उपचारच आहे. भाजी-किराण्यासाठी मात्र पहिल्याच आठवड्यात दोन धडधाकट पोरं गाठायची आणि काम त्यांच्यावर सोपवायचं. आमच्याकडची कॉलेजची मुलं घरात बसून कंटाळलीच होती, आनंदाने तयार झाली. माझंही दूध तीच आणून दाराच्या कडीला पिशवी अडकवून जायची. मदत घेताना संकोच करू नकोस गं. डॉक्टर उपाशी राहिली तर पेशंटचं काही भलं होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साथीत जुने पेशंट गायब होतात. त्यांची शुगर, बीपी, दमा, थायरॉइड कुठे जात नाही, फक्त ती माणसं घाबरून घरी बसतात. नऊ महिन्यांच्या बाळाची गोवर-रुबेलाची लस पुढे ढकलली जाते, सातव्या महिन्यातली बाई तपासणीला येत नाही. म्हणून साधे दिवस आहेत तोवरच एक वही कर. इन्शुलिन कोणाला चालू आहे, फिटच्या गोळ्या कोणाला, एकटं कोण राहतं, शेजाऱ्याचा नंबर काय. मी वही घेऊन दुपारी एकेकाला फोन लावत बसायची. फोनवरून तपासून औषध लिहून द्यायची रीतसर नियमावली केंद्राने 25 मार्च 2020 लाच काढली होती, त्यामुळे चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबर घालून फोटो पाठवता यायचा.

पण फोनवर पेशंट बघणं वाटतं तितकं सोपं नाही. एक आजी व्हिडिओवर गोळ्यांची पट्टी धरून बसल्या होत्या. आधी उलटी धरली, मग कॅमेऱ्याला इतकी चिकटवली की नुसता चंदेरी पत्रा दिसायला लागला. सरळ केली तेव्हा कळलं, मेडिकलवाल्याने कापलेल्या पट्टीत औषधाचं नावच उरलेलं नाही. ‘पांढरी, छोटी, मध्ये रेघ आहे’ एवढ्यावर बीपीची गोळी ओळखायची कशी? शेवटी नातवाला डब्यातून जुनी चिठ्ठी शोधायला लावली. तेव्हापासून प्रत्येकाच्या फाइलवर मी औषधाचं नाव आणि मात्रा मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिते, आणि नाव छापलेली बाजू शेवटपर्यंत राखून पट्टी वापरा म्हणून बजावते. तूही लिहीत जा.

ऑक्सिमीटर घरोघरी आले तेव्हा रात्री-बेरात्री ‘88 दाखवतंय!’ असे फोन यायचे. आधी विचार, हात गार आहेत का, नखाला नेलपॉलिश किंवा बोटांवर गडद मेंदी आहे का. हात चोळून ऊब आणा, आकडा स्थिर होऊ द्या, मग वाचा. आकडा 94 च्या वर असेल, दम लागत नसेल आणि माणूस चालू शकत असेल, तर घरातल्या घरात सहा मिनिटं चालायला लावून पुन्हा बघायचं. चालल्यावर आकडा घसरला तर सकाळची वाट बघायची नाही. आणि कुणी ‘मला काहीच होत नाहीये’ म्हणत असेल, तरी खरोखर खाली आलेल्या आकड्याकडे काणाडोळा नको. धाप न लागता ऑक्सिजन उतरलेली माणसं आपण त्या साथीत पाहिली.

सुरुवातीला आम्ही भाजी धुण्यात, पिशव्या पुसण्यात जीव आटवला. पुढे कळत गेलं की मुख्य वाट हवेची. म्हणून दवाखान्याची जागा बघताना समोरासमोर खिडक्या आहेत का ते आधी बघ, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल. बाहेर ओसरी असेल तर उत्तम, खोकणारे पेशंट तिथेच बसवता येतात. पीपीई किट घालायची वेळ आली तर आधी पोटभर पाणी पिऊन घे, पाळीच्या दिवसांत ड्यूटी बदलून माग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि किट काढताना घाई नको, त्या वेळी आपण दमलेले असतो आणि हात नकळत तोंडाकडे जातो.

एक कडू गोष्टही सांगते. डॉक्टरांसाठी गॅलरीत थाळ्या वाजवणाऱ्यांपैकीच एकाने मला लिफ्ट वापरू नका असं सांगितलं. फार लागलं मनाला. डॉक्टर-नर्सना त्रास देणाऱ्यांसाठी 1897 च्या, प्लेगच्या काळातल्या साथरोग कायद्यात 22 एप्रिल 2020 ला वटहुकूम काढून बदल झाला. हल्ल्यात गंभीर दुखापत झाली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. कायदा माहीत असू दे, पण आधी चार माणसांना खाली बोलावून, अंतर ठेवून, आजार कसा पसरतो ते समजावून सांग. भीती असते गं लोकांना. आमच्याकडे तेवढ्यानेच मिटलं.

राहिलं तुझं स्वतःचं. आईबाबांजवळ राहणार आहेस, तर माडीवरची खोली आणि जिन्याखालची मोरी वेळ आली तर तुझ्या एकटीची, हे त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेव. बाबा ऐकणार नाहीत, त्यांना मी सांगते. आणि रात्रीचे फोन एकटीने घेऊ नकोस. तालुक्याला तुझ्या बॅचची जी मैत्रीण आहे ना, तिच्याशी एक दिवसाआड वाटून घे. तिची बारी असेल त्या रात्री फोन बंद करून झोपायचं, माझाही घ्यायचा नाही.