कारचा अँप्लिफायर आणि स्पीकर: जोडी लावताना

काय करावे

• स्पीकर आणि अँप्लिफायर दोन्हींचा आरएमएस वॅटचा (सतत चालणाऱ्या ताकदीचा) आकडा शोधा. जोडी त्याच आकड्यावर लावा.
• अँप्लिफायरचा आकडा प्रत्येक चॅनलचा आणि किती ओहमवरचा आहे, ते वाचा. 4 ओहमवरची आणि 2 ओहमवरची ताकद वेगळी असते.
• अँप्लिफायर स्पीकरच्या आरएमएसइतका किंवा थोडा वरचा घ्या. 60 वॅटच्या स्पीकरला 60 ते 75 वॅट पुरेत.
• खोक्यावर 2000 वॅट लिहिले असेल, तर आधी अँप्लिफायरचा फ्यूज बघा. फ्यूज 30 अँपिअरचाच असेल, तर 14 व्होल्टला तो गाडीकडून जेमतेम 420 वॅट घेतो. स्पीकरपर्यंत त्याहून कमीच पोहोचतात.
• सेन्सिटिव्हिटी तपासा. 87 ऐवजी 90 डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये देतो.
• दोन कॉइलच्या सबवूफरची जोडणी आधी कागदावर मांडा: 4 ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर 2 ओहम, एकसर जोडल्या तर 8 ओहम.
• अँप्लिफायरचा गेन मल्टिमीटरने लावा. वॅट गुणिले ओहम, त्याचे वर्गमूळ म्हणजे हवे असलेले एसी व्होल्ट. 4 ओहमवर 100 वॅट हवे असतील तर 20 व्होल्ट. मोजताना स्पीकर सोडवून ठेवा आणि टेस्ट टोन वाजवा, गाणे नको.
• दारातल्या स्पीकरना सुमारे 80 हर्ट्झवर हाय-पास फिल्टर लावा. त्याखालचा बास सबवूफरवर सोपवा.
• मुख्य फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत बसवून घ्या. गाडीला आग लागण्यापासून तोच वाचवतो.
• अर्थची तार आखूड ठेवा आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवा.

काय टाळावे

• ‘पीक’, ‘मॅक्स’ किंवा ‘पीएमपीओ’ वाचून खरेदी करू नका.
• स्टीरिओवरचे ‘4 × 50 वॅट’ खरे धरू नका. आरएमएस बहुधा 20 वॅटच्या आसपास असतो.
• ‘कमी वॅटचा अँप्लिफायर म्हणजे स्पीकर सुरक्षित’ असे समजून त्याचा आवाज टोकाला नेऊ नका. क्लिप झालेला, म्हणजे टोके कापली गेलेला सिग्नल सर्वांत आधी ट्वीटर जाळतो.
• गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. आवाज वाढवायला तो फिरवू नका.
• ब्रिज केलेल्या अँप्लिफायरला त्याच्या किमान ओहमखालचा सबवूफर जोडू नका. ही किमान मर्यादा बऱ्याच अँप्लिफायरना 4 ओहम असते, 2 नव्हे.
• गेन लावून झाल्यावर बास बूस्ट चढवू नका. 6 डेसिबल म्हणजे चौपट ताकद.
• तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार शुद्ध तांब्याच्या तारेच्याच जाडीची घेऊ नका. ती तेवढा प्रवाह पेलत नाही.
• गाडीची मूळ वायरिंग कापू देऊ नका; मूळ सॉकेटमध्ये बसणारा कपलर मागा, नसेल तर दुकान बदला.
• आवाज फाटत असताना गाणे संपण्याची वाट पाहू नका. तत्काळ कमी करा.
• फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज घालू नका. शॉर्ट कुठे आहे ते आधी शोधा, नाहीतर फ्यूजऐवजी तार पेटते.