बाबांचा मोबाईल, आमच्या पीसीवर

"मोबाईल आहे की केबल लावायला, एम्युलेटर कशाला?" असं होस्टेलवर म्हणणाऱ्यांत मीही होतो. फायनल इयरच्या प्रोजेक्टने अक्कल शिकवली.

आमचं ॲप साधंच. मोसंबीचं वजन टाका, तूट वजा होते, भावाने गुणून पट्टीचा हिशोब येतो. आम्हा चौघांच्या मोबाईलवर मस्त चालायचं. अंबड तालुक्यात गावाकडे बाबांच्या मोबाईलवर टाकून आलो. दोन दिवसांनी त्यांचा फोन, "अरे, वजन टाकलं की तुझं ते बंद पडतंय. जाऊ दे, मी आपला वहीत लिहितो." सबमिशनला आठ दिवस, अन् बिघाड गावाकडच्या मोबाईलमध्ये!

मग एम्युलेटर लावायला घेतला. अँड्रॉइड स्टुडिओत डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, नवीन व्हर्च्युअल डिव्हाइस घ्यायचं आणि एक्स८६-६४ ची सिस्टिम इमेज उतरवायची. एवढं केलं, तरी गडी लोगोवरच अडकला. मेसमध्ये जेवून आलो, तरी लोगोच! कारण पीसीच्या बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद होतं. इंटेलवर त्याला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीवर एसव्हीएम. ते चालू करा, मग विंडोज फीचर्समध्ये 'विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म'वर टिक करून रिस्टार्ट. सीनियर्सच्या जुन्या नोट्समध्ये हॅक्सम टाकायला सांगितलेलं असतं, त्याच्या नादी लागू नका. इंटेलने ते २०२३ मध्ये बंद केलं. रॅम ८ जीबीच असेल तर क्रोम बंद ठेवा.

आणखी एक ठेच. सर्व्हर आपल्याच पीसीवर असेल तर ॲपमध्ये लोकलहोस्ट लिहून भागत नाही, कारण एम्युलेटरच्या दृष्टीने लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः. पीसीसाठी पत्ता १०.०.२.२ द्यायचा. (इथे मासिकाच्या शिरस्त्याने मराठी अंक छापलेत. कोडमध्ये इंग्रजीच टाका, नाहीतर खाली वाचा.)

एम्युलेटर सुरू झाला, ॲपही चालू. क्रॅश काही होईना! रात्री मित्र म्हणाला, "तुझ्या बाबांचा मोबाईल मराठीत आहे ना?" सेटिंग्जमध्ये भाषा मराठी केली, वजन टाकलं, अन् ॲप धाडकन बंद. लॉगकॅटमध्ये लाल अक्षरांत नंबर फॉरमॅट एक्सेप्शन, आणि पुढे अवतरणात "१२.५०".

झालं असं होतं. निव्वळ वजन आम्ही स्ट्रिंग डॉट फॉरमॅटने दोन दशांशांत लिहून चौकटीत टाकत होतो. लोकेल सांगितलं नाही, तर ते मोबाईलची भाषा घेतं. मराठीत अंक देवनागरी येतात. पुढे तीच स्ट्रिंग डबल डॉट पार्सडबलला दिली. त्याला देवनागरी अंक कळत नाहीत. आमचे चारही मोबाईल इंग्रजीत, म्हणून वर्षभर पत्ता नाही! हिशोबाच्या स्ट्रिंगला लोकेल डॉट यूएस दिलं, एका ओळीत काम झालं. पडद्यावर मात्र मराठी अंकच ठेवले, बाबांना तेच वाचायला बरे.

तेव्हापासून प्रत्येक बदलानंतर एम्युलेटर मराठीत चालवतो, नेटवर्क मुद्दाम 'एज'वर ठेवून. लोकेशनही जालन्याचं देतो. तिथे एक गंमत: कन्सोलच्या 'जिओ फिक्स' कमांडला आधी रेखांश, मग अक्षांश लागतो. ७५.८८, १९.८४ च्या जागी आम्ही उलटं टाकलं, आणि जालना थेट नॉर्वेच्या वर, स्वालबार्डजवळच्या समुद्रात!

नवीन ॲप बाबांकडे व्यवस्थित चालतंय. आता तक्रार अशी, की तोलाईचा रकानाच नाही. ते एम्युलेटरला कुठलं कळायला!