बाशिंग : ओळख आणि लागवड



या अंकात जव्हारकडच्या जंगलात दिसणाऱ्या एका नेच्याचा पाठ देत आहे. त्याआधी माझी चूक सांगायला हवी.

आमच्या वसतिगृहाच्या आवारात आंब्याची चार जुनी झाडे आहेत. त्यांच्या फांद्यांवर वाळक्या, तपकिरी पानांचे झुबके असत. एका उन्हाळ्यात मला ते बांडगूळ वाटले. झाडे वाचवावीत म्हणून मी गड्याला वर चढवून तीन झाडांवरचे झुबके काढून टाकले. चौथ्या झाडाला शिडी लावली, तेवढ्यात पाड्यावरून भाजी घेऊन आलेल्या आजी थांबल्या. म्हणाल्या, "बाई, झाडाचं काय खाल्लं हिनं?" मला उत्तर देता आले नाही. मी शिडी काढायला लावली.

ते बांडगूळ नव्हते, ते बाशिंग होते. शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया, म्हणजे ओकसारख्या पानांचा नेचा. बांडगूळ फांदीच्या आत शिरून झाडाचा रस ओढते. बाशिंगाची मुळे सालीला नुसती धरून असतात. आपले अन्न ते स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करते. पाड्यावरची माणसे त्याचे खोड औषधासाठी वापरतात, पण लागेल तेवढाच तुकडा घेतात. आजींनी हे सांगितले तेव्हा खाली पडलेल्या ढिगाकडे बघवेना.

ओळखायचे कसे?

१. पाने दोन प्रकारची असतात. आखूड, रुंद, देठ नसलेली पाने फांदीला बिलगून राहतात. ती लवकरच तपकिरी व कागदासारखी होतात, पण गळत नाहीत. त्यांच्या ओंजळीत पालापाचोळा साठतो, कुजतो आणि तेच या नेच्याचे खत होते. म्हणजे मी ज्याला वाळका कचरा समजले, ती त्याची खताची टोपली होती.

२. दुसरी पाने लांब देठाची, हिरवी आणि खोल कातरलेली असतात. त्यांच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसतात. त्यांत बीजाणू असतात. नेच्याला फूल, फळ किंवा बी येत नाही. बांडगुळाला फुले व फळे येतात. हा फरक लहान मुलांच्याही लक्षात राहतो.

३. खोड जाड, मांसल व रांगते असते. त्यावर मऊ तपकिरी खवले असतात.

४. कोरड्या दिवसांत हिरवी पाने झडतात, पण खोड जिवंत असते. पाऊस आला की नवी पाने फुटतात.

लावायचे कसे?

काढलेल्या ढिगातले काही तुकडे मी कुंडीत मातीखाली पुरले. सगळे कुजले. झाडावर राहणाऱ्या या नेच्याच्या खोडाला हवा लागते. पुढच्या पावसाळ्यात चौथ्या झाडाची एक फांदी वाऱ्याने मोडली. तिच्यावरच्या बाशिंगापासून आम्ही पुन्हा सुरुवात केली.

खोडाचा वीतभर तुकडा घ्यावा. त्याला खवल्यांनी झाकलेले, वाढते टोक असलेच पाहिजे. पाऊस सुरू झाल्यावर तो खरबरीत सालीच्या फांदीवर किंवा ओंडक्यावर ठेवून काथ्याच्या दोरीने बांधावा. दोरी घट्ट असावी, पण टोकावरून नेऊ नये. खाली नारळाच्या सोडणाचा काथ्या आणि थोडा कुजलेला पाला ठेवावा. जागा उजेडाची पण कडक उन्हापासून आडोशाची निवडावी. पावसाने उघडीप दिली तर पाणी शिंपडावे. उन्हाळ्यात हिरवी पाने गेली म्हणून रोप फेकून देऊ नये.

बीजाणूंपासूनही नेचा वाढतो. ओलसर विटेवर ते रुजले की आधी नखाएवढी, हृदयाच्या आकाराची हिरवी चकती तयार होते. तिच्यावर पाण्याचा ओलावा असेल तरच पुढे रोप धरते. याला बरेच महिने लागतात. घाई असणाऱ्यांनी तुकडाच लावावा.

राखीव जंगलातून किंवा उभ्या झाडावरून बाशिंग ओरबाडून आणू नये. वादळात पडलेल्या फांद्यांवर पुरेसे मिळते.

मुलांबरोबर करून पाहा : जवळच्या एका झाडावर काय काय वाढते, ते वहीत उतरवा. प्रत्येकापुढे लिहा : हे झाडाचे काही खाते का? उत्तर ठाऊक नसेल, तर तोडण्याआधी पाड्यावरच्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारा.

आमची दोन झाडे अजून उघडीच आहेत. तिसऱ्यावर बांधलेल्या तुकड्याला यंदा पहिले बिलगणारे पान आले. आजींना दाखवले. त्यांनी दोरी चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, "आता सोडा ही. धरलंय तिनं."